उंबऱ्यावरची तपासणी

साहेब बूट काढायला वाकला आणि वाकल्या वाकल्याच त्याने विचारलं, "गच्चीवर जायचं कुठून?"

"सैपाकघरातनं," आई म्हणाली. "जिना तिथंच हाय."

साहेब सरळ झाला. सोडलेली लेस पुन्हा बांधली. "नको. ठेकेदाराने फोटो पाठवलेत. पुरे."

मग वीज कंपनीचा हा इंजिनीअर उंबऱ्याबाहेर उभा राहून आमच्या गच्चीवरचं सोलर तपासू लागला. उंटावरून शेळ्या हाकणं नुसतं ऐकलं होतं. त्या दिवशी पाहिलं.

आगरदांड्याच्या अलीकडे आमची बौद्धवाडी. मी न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात नोकरी करते. या तपासणीसाठी मुद्दाम रजा काढून आले होते. ठेकेदाराने पॅनल बसवून ट्रायल म्हणून सिस्टीम चालू केली, आणि दुसऱ्या दिवशी आई आमसुलं वाळत घालायला गच्चीवर गेली. ओल्या हाताने तिने पॅनलखालची लोखंडी चौकट धरली. कोपरापर्यंत मुंग्या आल्या. ठेकेदाराला सांगितलं तर तो हसला. "मावशी, भास हाय तो. वय झालं तुमचं." म्हणजे म्हातारीला बघून करंट लाजतो, असं याचं शास्त्र. अर्थिंग नीट नसलं की असं होतं, हे वाडीतलं पोरही सांगेल. ते मोजायचं यंत्र साहेबाच्या बॅगेत होतं. बॅग खांद्यावरून उतरलीच नाही.

मी पाण्याचा पेला पुढे केला. त्याने स्वतःची बाटली काढून दाखवली. प्यायला नाही, नुसती दाखवली. आमच्याआधी हाच माणूस खाली रिसॉर्टवाल्याकडे झोपाळ्यावर बसून पोहे खाऊन आला होता. तिथे गच्चीवर चढला होता, यंत्र लावून सगळं मोजलं होतं. ठेकेदारानेच कौतुकाने सांगितलं.

"साहेब, आईला करंट लागलाय," मी म्हणाले. "वर येऊन अर्थिंग मोजा."

"पास करतोय ना? मग कटकट कसली? तुम्हा लोकांना सगळं घरपोच मिळतं, तरी समाधान नाही."

तुम्हा लोकांना. शाळेपासून हे दोन शब्द मी खाली मान घालून ऐकत आले. त्या दिवशीही आधी लाजच वाटली. मग लाज वाटली याचाच संताप आला.

आईने त्याच्यापुढे हात जोडले. मला म्हणाली, "बाय, ऱ्हाऊ दे. करतायत ना सही."

ते जोडलेले हात मी पाहिले. याचा विटाळ टळावा म्हणून माझ्या आईने करंट खायचा. शिकलेला माणूस. खिशात दोन पेनं. अक्कल मात्र उंबऱ्याशी अडखळून पडलेली.

मी आत गेले, सोलरचा स्विच बंद केला आणि बाहेर आले.

"सही करू नका. केलीत तर मी लेखी देईन, की साहेब घरात आलेच नाहीत."

त्याने पेन खिशात घातलं. "मग बसा बिलं भरत." बाईकला किक मारून गेला.

संध्याकाळी ठेकेदार तोडगा घेऊन आला. "ताई, मागच्या अंगाला बाहेरून शिडी लावून देतो. फुकट. साहेबाला आत यायलाच नको. तुमचंबी काम होईल." आई विचारात पडली. वाडीतल्या लोकांनीही माझीच अक्कल काढली. चालून आलेली सही कुणी घालवतं का?

मी घालवली. शिडीही लावू दिली नाही. त्यांचा विटाळ चुकवायला माझ्या घराला मागची वाट मी काढून देणार नाही. वरच्या ऑफिसात तक्रार दिली आहे. उत्तर नाही. बिल भरते आहे.

आमच्या गच्चीला जिना एकच, स्वयंपाकघरातून. हा येवो नाहीतर दुसरा, आईच्या चुलीजवळून जाईल, वर चढेल, यंत्र लावेल. आकडा बरोबर आला, तर आईने धरलेली ती चौकट आधी स्वतःच्या ओल्या हाताने धरेल. मग सही करेल. तोवर स्विच बंद राहील.