देठांचे सापळे

माझी वसीलामावशी समुद्रात चालायला जायची. करकेनाच्या बेटांवर याचं कुणाला नवल नाही, आमचा समुद्रच तसा उथळ आहे. ओहोटीला निघालं की मागे घर लहान होत होत खजुरांच्या झाडांत दिसेनासं होतं, तरी पाणी गुडघ्याच्या वर येत नाही. हिवाळ्यात सकाळी आभाळ आणि पाणी एकाच रंगाचं असतं. तेव्हा लांबून बघणाऱ्याला वाटायचं, ही बाई हवेतच चालली आहे. बाकीचे लोक मासे आणायला जात, आणि मावशी प्लॅस्टिक आणायला जायची, एवढंच काय ते वेगळं.

प्लॅस्टिक म्हणजे माशांचे सापळे. समुद्रात खजुराच्या झावळ्यांचं लांबच लांब कुंपण उभं करायचं आणि त्याच्या टोकाला सापळे लावायचे, ही आमची पिढीजात मासेमारी. पूर्वी ते सापळे खजुराच्या घडांच्या देठांचे विणलेले असत. मी शाळेत जायला लागले तोवर ते गेले होते आणि प्लॅस्टिकच्या जाळीचे आले होते. ते तुटले किंवा वादळात सुटले की तळाशी जाऊन बसत. कुणी उचलत नसे. तळाशी बसूनही ते मासे धरतच राहत. मावशीला हे फार लागायचं. "बिचाऱ्यांना कळतही नाही," ती म्हणायची, "की धरणारा कधीच घरी जाऊन झोपलाय."

आमच्या वाडीत प्लॅस्टिकचा पहिला सापळा आणला तो तिच्याच नवऱ्याने, बशीरकाकांनी. तरुणपणी ते समोरच्या किनाऱ्यावरच्या सफाक्स शहरात गेले आणि बोटीवर सापळ्यांची चळत लादून परतले. बघायला अख्खी वाडी धक्क्यावर जमली होती म्हणे. म्हातारपणीही ही हकीकत ते रंगवून सांगत. त्यामुळे मावशीने अंगणात पोतं रिकामं केलं, की काका खुर्ची फिरवून पाठ करून बसत.

"आज काय आणलंस बाजारातून?"

"तुझंच सामान. विसरून आला होतास, म्हटलं पोचवावं."

"त्याच सापळ्यांवर तुझ्या मुलींची लग्नं झाली."

"झाली ना. मग आता सापळ्यांनाही आराम करू दे."

मी गावच्या शाळेत शिकवते. राजधानीतला एक निधी कचरा कमी करणाऱ्या गावगटांना अनुदान देतो, असं एकदा माझ्या कानावर आलं. आमच्या बायकांचं मंडळ होतंच. मी मावशीला सांगितलं तेव्हा ती ऑक्टोपस वाळत घालत होती. हातातला ऑक्टोपस तिने दोरीवर टाकला. मग म्हणाली, "मला एक स्वप्न पडतं, सलवा. मी समुद्राचा तळ झाडतेय. झाडत झाडत इतकी लांब जाते, की मागे वळले तर बेटच नसतं. पण भीती वाटत नाही. सगळीकडे नुसतं हिरवं गवत हलत असतं." हे काही मला अर्जात लिहिता येणार नव्हतं. पण तळातलं प्लॅस्टिक गोळा करून सफाक्सच्या कारखान्यात पाठवायचं आणि नवं पडू नये म्हणून पुन्हा देठांचे सापळे विणायचे, एवढं आम्ही लिहिलं.

निधीकडून पाहणीला रीम नावाची मुलगी आली. बूट हातात धरून ती मावशीबरोबर पाण्यात बरीच आत गेली, तळाचे सापळे तिने पायांनी चाचपले. परत आल्यावर चहा पिता पिता तिने विचारलं, "गोळा कराल ते पटलं. पण विणणार कोण? विणणारं कुणी उरलंय का?"

"आहे ना," मावशी म्हणाली. "माझा नवरा. लहानपणी बापाबरोबर विणायचा."

काका तेव्हा घरात नव्हते. त्यांना कुणी विचारलेलंही नव्हतं.

अनुदान मंजूर झालं. हातगाडी आली, पोती आली, चिरलेले देठ आणि गवताच्या दोरीची बंडलं आली. काका म्हणाले, "बायकोच्या हाताखाली मजुरी करू?"

"मजुरी नाही, मानधन आहे. कागदावर तसंच लिहिलंय, सलवाला विचार."

"मी विसरलोय."

"विसरायला ते काय माझ्या वाढदिवसाची तारीख आहे?"

पण ते खरंच विसरले होते. विणणं शिकायला लोक जमले त्या दिवशी काका अंगणाच्या मधोमध बसले. मंडळाच्या बायका होत्या, चार मच्छीमार आले होते. देठ भिजवून मऊ केलेले होते. सापळ्याचं पोट विणून झालं. पण मासा आत शिरतो आणि मग बाहेर येऊ शकत नाही तो गळा काही केल्या जमेना. काकांनी विणलं, उसवलं, पुन्हा विणलं. शेवटी सगळा सापळा त्यांच्या मांडीवर उलगडून पडला. कुणीतरी म्हणालं, "काका, यात मासा शिरला तर सलाम करून परत जाईल." लोक हसले. काका उठून आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मावशी हसली नाही. पुढचे काही दिवस ती समुद्रातही गेली नाही. तिने रीमला शब्द दिला होता, आणि त्याहून वाईट म्हणजे, नवऱ्याला चारचौघांत उघडं पाडलं होतं. मला म्हणाली, "माझंच चुकलं. मी त्याला न विचारता त्याचे हात देऊन टाकले."

एका दुपारी मी गेले तेव्हा कुसकुसचं जेवण नुकतंच झालं होतं. काका ओसरीवर भिंतीला टेकून अर्धवट पेंगत होते. मावशीने भिजलेल्या देठांची जुडी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि शेजारी बसून विचारलं, "बशीर, तू सफाक्सहून ते सापळे आणलेस, तेव्हा बोटीवर तुझ्याबरोबर कोण होतं रे?"

काकांनी डोळे किलकिले केले. मग समुद्राकडे बघत सांगायला लागले. दुकानदाराशी घातलेली घासाघीस, खवळलेलं पाणी, सापळ्यांच्या चळतीवर टेकून लागलेली झोप. सांगता सांगता त्यांच्या बोटांनी देठ उचलले. एक वाकवला, दुसरा त्याच्याखालून ओढला. ते खाली बघत नव्हते. वारा पडला होता, पाणी ओसरत होतं, आणि काकांचा आवाज कुठून तरी लांबून येत असल्यासारखा वाटत होता. मी काहीतरी बोलणार होते, तर मावशीने माझा हात दाबला. बोट धक्क्याला लागली, वाडी जमली, काका तरुणपणी उतरले तसे छाती काढून उतरले, आणि मांडीवर सापळ्याचा गळा तयार होता.

काकांनी खाली पाहिलं. विणलेल्या गळ्यात बोट घालून बघितलं. "हे माझ्या बापाचे हात आहेत," म्हणाले.

मग शिकवण्याची रीतच ठरली. काकांनी गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी हातांकडे बघायचं. हातांकडे त्यांचं स्वतःचं लक्ष गेलं, की गाडी अडायची. सफाक्सची हकीकत ऐकून ऐकून वाडी कंटाळली. "काका, आज बोट लवकर सोडा, जेवायला जायचंय," असं पोरी म्हणायला लागल्या. जुना प्लॅस्टिकचा सापळा आणून द्यायचा आणि विणलेला न्यायचा, असं ठरलं होतं. मावशीचं अंगण भरलं, बोटीवरून पोती सफाक्सला गेली.

वर्ष संपलं तसं अनुदानही संपलं. आम्ही पुन्हा मागितलं. रीमने फोनवर सांगितलं की या खेपेला पैसे डोंगराकडच्या गावांना दिलेत, त्यांच्याकडे ओढेच्या ओढे कचऱ्याने तुंबलेत. मावशी म्हणाली, "बरोबर आहे, ओढे आधी." पण तिला वाईट वाटलं होतं. देठांचा सापळा हंगामात कुजतो, दर वर्षी कोण विणत बसणार, म्हणून पुष्कळ जण परत प्लॅस्टिककडे गेले. आमच्या वाडीसमोरच्या पाण्यातली कुंपणं मात्र देठांच्या सापळ्यांवर राहिली. पोती आता बोटीने सफाक्सला रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमधून जातात. ट्रकवाला पैसे घेत नाही, वाळवलेला ऑक्टोपस घेतो.

मावशी अजून पाण्यात जाते. गेल्या हिवाळ्यापासून काकाही जायला लागले. माशांचं किंवा सापळ्यांचं काम नसताना हा माणूस जन्मात कधी पाण्यात उतरला नव्हता. पाणी गार आहे म्हणून कुरकुर करतात, गुडघे दुखतात म्हणतात. परवा मी किनाऱ्यावरून त्यांना ऐकत होते, शांत पाण्यावर आवाज स्पष्ट येतो.

"कुठवर जायचंय अजून?"

"थोडं पुढे."

"पुढे काय आहे?"

"माहीत नाही. पाणी आहे."

काका काहीतरी पुटपुटले. पण थांबले नाहीत.