मायच्या गुलाबाचं दुखणं

आमच्या घरात रोग म्हटला की पहिला शब्द निघतो, उपटा. माझे मालक धानासोबत मिरची लावतात. मिरचीवर चुरडामुरडा आला, पानं आकसून गोळा झाली, की ते झाड मुळासकट उपटून खड्ड्यात गाडतात. त्यात दयामाया नाही, आणि असूही नये. एका झाडाची कीव केली तर सगळा वाफा हातचा जातो, हे मी लग्न होऊन आंधळगावात आल्यापासून बघते आहे. पण मागच्या हिवाळ्यात त्यांची नजर माझ्या गुलाबाकडे वळली आणि माझं डोकं सटकलं.

हा गुलाब माझ्या मायने दिलेला. माझं माहेर आंबागडचं. तिथल्या अंगणातल्या गुलाबाचा एक डोळा, म्हणजे फुटायला आलेला कोंब, सालीसकट काढून तिने जंगली गुलाबाच्या खुंटावर बसवला, वरून चिंधी गुंडाळली आणि लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तेलाच्या डब्यात लावून माझ्यासोबत पाठवला. माय आता नाही. तिची लुगडीसुद्धा वाटून संपली. झाड तेवढं आहे.

मागच्या वर्षी माझा मोतीबिंदू काढला. डोळे स्वच्छ झाल्यावर बाईमाणसाला आधी घरातली जळमटं दिसतात, ती दिसली. मग छाटणीनंतर गुलाबाला नवी पालवी फुटली आणि तिच्यावर पिवळ्या, नागमोडी रेघा दिसल्या. सगळ्या पानांवर नाही, मधूनच एखाद्या फांदीवर. लोह कमी पडलं असावं म्हटलं, तर तेव्हा शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. या रेघा शिरांना जुमानतच नव्हत्या. धानावर फवारलेलं तणनाशक उडालं म्हणावं, तर पानं वेडीवाकडी नव्हती. खत घातलं, कृषी केंद्रातलं औषध मारलं. रेघा जशाच्या तशा. शेवटी दोन पानं पिशवीत घालून मी कृषी कार्यालयात गेले. तिथल्या मॅडमनी पान उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "काकू, हा व्हायरस आहे. याला औषध नसतं." पुढचं ऐकायला मी थांबलेच नाही. तडक घरी आले आणि नको तिथे तोंड उघडलं.

"व्हायरस?" मालकांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे चुरड्यासारखाच! अवं, उद्या माह्या मिरचीले लागन तं काय करू मी?" आणि ते कुदळ घेऊन आले.

"हात लावून तं पाहा," मी झाडापुढे उभी राहिले. "पहिले मले उपटा, मंग याले."

त्यांनी कुदळ भिंतीला टेकवली, पण आत नेली नाही. रात्रभर मला ती कुदळच दिसत होती. त्यांचं चूक होतं असंही नाही. आमचं घर त्या मिरचीवरच चालतं. म्हणून सकाळी मीच म्हटलं, चला, तुमीच इचारा मॅडमले.

मॅडमनी या वेळी आम्हा दोघांनाही बसवून नीट सांगितलं. मिरचीचा विषाणू वेगळा, तो पांढरी माशी पसरवते. गुलाबाचा हा रोग कलमातून जातो, रोगट झाडाचा डोळा दुसऱ्यावर भरला की. शेजारच्या झाडाला तो वाऱ्याने लागत नाही, पाण्याने लागत नाही. खतपाणी वेळेवर द्यायचं, छाटणी हलकी करायची. फुलं थोडी कमी येतील, पण झाड जगेल. उन्हाळ्यात रेघा दिसेनाशा होतात, तेव्हा रोग गेला असं समजायचं नाही. आणि या झाडाचं कलम कोणाला द्यायचं नाही.

"मिरचीले काही नाही ना, पक्कं?" मालकांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"काही नाही, काका."

माझा जीव भांड्यात पडला. परतताना मी मोटरसायकलवर मागे बसून रडले. घरी पोचताच मालकांनी आधी कुदळ आत नेऊन ठेवली.

पण कलमातूनच जातो म्हटल्यावर माझ्या झाडात तो आला कुठून? मी आंबागडला वहिनीला फोन लावला आणि मायच्या गुलाबाच्या पानाचा फोटो मागितला. फोटो आला. त्याच रेघा. "ताई, हे तं पहिलेपासूनच हाये," वहिनी म्हणाली. "सासूबाई म्हणत, आपल्या गुलाबाच्या पानावर नक्षी रायते." म्हणजे मायचं झाड आजारीच होतं, आणि माझंही पहिल्या दिवसापासून. मला मेलीला आधी कामाच्या धबडग्यात आणि मग मोतीबिंदूमुळे ते कधी दिसलंच नाही, आणि इतकी वर्षं देवाला, वेणीला फूल काही कमी पडलं नाही.

"तुह्या मायनं तुले साखरेची बिमारी देल्ली अन् झाडाले हे," मालक म्हणाले. "करा आता दोघीही पथ्यपाणी."

एक गोष्ट मात्र टोचत होती. मुलगी तुमसरला असते, तिला मी याचंच कलम कबूल केलं होतं. तिला फोनवर सगळं सांगितलं, म्हटलं, रोपवाटिकेतून चांगला निरोगी आणून देते.

"मले निरोगी नाही पायजे, आजीचा पायजे," ती म्हणाली. "माह्या गॅलरीत दुसरा गुलाबच नाही. याचा रोग लागन कोणाले?"

मी मॅडमना विचारलं. त्या हसल्या, म्हणाल्या, एकटं राहणार असेल आणि पुढे कलम जाणार नसेल तर लावा. संक्रांत झाल्यावर मी डोळा भरला, मायसारखीच चिंधी बांधली आणि रोप लेकीकडे पोचवताना बजावलं की फूल कोणालाही दे, डोळा कोणालाही द्यायचा नाही.

पहिली पानं कोरी हिरवी आली. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मग एका सकाळी फोन वाजला. "आई, आली वं नक्षी!" लेक ओरडत होती. पाठोपाठ फोटो आला, कोवळ्या पानावर पिवळी नागमोडी रेघ. रोगाच्या खुणेवर कोणी इतकं हरखतं का? मी हरखले, चूल तशीच टाकून मालकांना दाखवायला धावले. माय तुमसरला पोचली होती.