अर्जातला तो ‘नाही’

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण अजून मनाला टोचते ती एक साधी चारित्र्य पडताळणी. सत्तरच्या दशकात मी सातारा जिल्ह्यात फौजदार होतो. कोरेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातला, लष्करातून नायक या हुद्द्यावर निवृत्त झालेला एक जवान दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात निवडला गेला होता. गाव त्याला मेजर म्हणायचं. काम गोपनीय, त्यामुळे आमच्या अहवालाशिवाय नेमणूक नव्हती. पेन्शन तुटपुंजी, दोन मुली शिकत होत्या. नोकरीची त्याला फार गरज होती.

अशी कामं ठाण्यात कुणी मनावर घेत नसे. जमादार पोलीस पाटलाच्या ओट्यावर बसून पाच जबाब घेऊन आला. मी सही करणारच होतो, तेवढ्यात टपालानं एक निनावी पत्र आलं. मेजरवर सांगलीच्या कोर्टाचा हुकूमनामा होऊन जप्ती आली होती, असं त्यात लिहिलं होतं. अर्जात नेमक्या जप्तीविषयीच्या रकान्यात मेजरनं ‘नाही’ लिहिलं होतं. मी जबाब पुन्हा वाचले. ‘वर्तणूक चांगली, कधी कुणाचं देणं नव्हतं.’ पाचही जणांचं वाक्य शब्दाला शब्द तेच. पाच माणसं इतकी एका सुरात बोलली, की पोलिसानं सावध व्हावं.

पोलीस पाटलाला बोलावलं. म्हातारा सरळ होता, आढेवेढे न घेता म्हणाला, “आवं सायेब, आमीच ठरवून सांगितलं. गडी चांगला हाय. त्याचं भलं व्हतंय, तर आमी कशाला आडवं यायचं?”

सांगलीहून कागद मागवले. कवठे महांकाळच्या मेहुण्यानं ट्रक घेतला, मेजर जामीन राहिला, धंदा बुडाला आणि जप्ती जामीनदाराच्या दारात आली. पुढं मेजरनं बायकोचे दागिने मोडून सगळी रक्कम भागवली होती. मला हायसं वाटलं. फेडलेल्या देण्यापायी सहसा कुणी अपात्र ठरत नसे. अशा एक-दोघांची शिफारस मी स्वतः केली होती.

मेजर ठाण्यात येऊन ताठ बसला. खरं का लिहिलं नाही, असं विचारल्यावर त्यानं मान खाली घातली.

“जप्ती म्हंजी नाक कापल्यागत, सायेब. आपल्या हातानं सरकारी कागदावर कसं लिवू?”

मग मी निनावी पत्र पुढं केलं. अक्षर त्यानं लगेच ओळखलं. सामाईक विहिरीत वाटा असलेल्या त्याच्या भाऊबंदाचं होतं.

“अर्ज भरला तवा ह्यो शेजारीच बसला हुता. चार म्हैनं माझी पाण्याची पाळी ह्योच घेतोय. पाणी दे, न्हाईतर वर कळवतो, म्हणायचा. माझा ऊस वाळला. ह्या म्हैन्याला न्हाई म्हणालो, तर हे पत्र.”

भाऊबंदाला समोर आणलं. त्यानं सगळं कबूल केलं, वर हसलाही. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. गुन्हा नोंदवू म्हटलं, तर मेजरच नको म्हणाला. मुलींच्या लग्नात भावकीला तोंड दाखवायचं होतं.

इथं माझी पंचाईत झाली. वरच्यांना जाणून घ्यायचं असतं ते एकच: हा माणूस कुणाच्या दाबाखाली येईल का? मेजर चार महिने दबला होता. मी तसं लिहिलं. शेवटी त्यानं नुकसान पत्करून नकार दिला, हेही ठळक लिहिलं. वरच्या कार्यालयानं पहिलंच वाक्य धरलं. उत्तर आलं, ‘अपात्र’.

ते सांगायला मी स्वतः त्याच्या घरी गेलो. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “म्हंजी पाणी देत राहिलो असतो, तर नोकरी लागली असती. व्हय ना, सायेब?”

उत्तर ‘होय’ असंच होतं.

पुढं प्रत्येक पडताळणीला मी स्वतः गेलो. जे झालं असेल ते आत्ताच सांगा, मी दुरुस्तीचा अर्ज जोडतो, असं उमेदवाराला बजावू लागलो. बऱ्याच जणांचं त्यात भलं झालं. मेजरला मात्र हे वेळेवर सांगायला मी गेलो नव्हतो, आणि त्याची लाज मला अजून वाटते.