ताडपत्रीखालचा कडबा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे रिकाम्या ट्रकवर ताडपत्री ओढणं. मंगळवार होता, सकाळचे आठ वाजले असतील. मी वर हौद्यात, माझी बायको सुभद्रा खाली. दोर मी टाकायचा, हुकाला अडकवून गाठ तिनं मारायची. हौद्यात माल म्हणाल तर ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या, त्याही मधोमध उंच रचलेल्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, गाडी गच्च भरलीय.

"डावीकडं खड्डा पडलाय, पेंढी सरकवा," ती खालून म्हणाली.

"गाडी भरायलीस का नवरी नटवायलीस?"

"नवरीच समजा. गरजू दिसली की समोरचा हुंडा वाढवतोय."

आमचं घर अणदूरला, अगदी हायवेच्या कडेला. आम्हाला भाडं देणारा सोलापूरचा दलाल शिवलिंगअप्पा आठवड्यातून दोनदा त्याच रस्त्यानं उमरग्याला जायचा. दारात रिकामी गाडी दिसली की संध्याकाळी त्याचा फोन यायचा आणि टनामागं शंभर रुपये खाली आलेले असायचे. मी म्हणायचो, बाजारच पडलाय. सुभद्रानं ओळखलं की बाजार पडलाय तो पडलाय, पण अप्पा आमच्या दाराकडं बघून आणखी पाडतोय. त्या दिवसापासून आमची रिकामी गाडी कधी रिकामी दिसली नाही.

भाडी खरोखरच उतरली होती. गाड्या उदंड, माल थोडा. गावातल्या दोघांनी आपापल्या गाड्या विकल्या. आमची विकायची नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. मला मात्र उभी गाडी बघवत नव्हती, मिळेल त्या भाड्यात निघावंसं वाटायचं. ती म्हणायची, "उभी गाडी डिझेल पीत न्हाय. तोट्यात पळणारी डिझेल बी पिती अन् तुमाला बी."

माझा मूळ रोग म्हणजे मला नाही म्हणता येत नाही. कुणी "तात्या, एवढी खेप माराच" म्हणलं की मी चावी फिरवली. एकदा असाच अप्पाचा कांदा घेऊन हैदराबादला गेलो आणि रिकामा परत आलो. डिझेलसुद्धा निघालं नाही. घरी जेवायला बसलो तर ताटात अर्धीच भाकरी.

"उरलेली कुठाय?"

"अप्पाला दिली की तुमी. कांद्यासंगं."

त्यानंतर तिनं नियम घातला. फोन कुणाचाही येवो, मी एकच बोलायचं, "मालकिणीला विचारून सांगतो." मग तिच्या हातातलं काम होईपर्यंत गप बसायचं. कधी शेंगा कुटून व्हायच्या, कधी भांडी. हात पुसून ती आकडा सांगायची, त्याच्या खाली एक रुपया नाही. आणि परतीचा माल ठरल्याशिवाय गाडी हलायची नाही. बाकीचे ड्रायव्हर मला बायकोचा क्लिनर म्हणायचे. मी चिडलो की ती म्हणायची, "हसू द्या. न्हाय म्हणायचं पाप माज्या डोक्यावर. तुमी चांगले ऱ्हावा."

एकदा अप्पा चहाला थांबला. गाडी अशीच नटलेली. तेवढ्यात आमच्या शेळीनं गाडीच्या मागच्या फाळक्याच्या फटीतून एक पेंढी ओढली आणि त्याच्या डोळ्यांसमोर चघळत उभी राहिली.

"वैनी, माल काय हाय?"

"कडबा," ही चेहऱ्यावरची रेघ न हलवता म्हणाली.

"कुठं चाललाय?"

"हैदराबादला. तिथल्या म्हशी काय बिर्याणी खात्यात व्हय?"

अप्पाच्या नाकातून चहा आला. त्याला कळलं का नाही, देव जाणे. पण संध्याकाळी भाडं त्यानं स्वतःच वाढवलं. मी म्हणलं, खोटं बोलावं तरी किती. तर म्हणाली, "खोटं काय बोलले? कडबाच हाय की."

त्या मंगळवारी शेवटची गाठ मारून तिनं हात धुतले. म्हणाली, "बाराशेच्या खाली हालायचं न्हाय." आणि पायरीवर बसली. छातीत दुखतंय म्हणाली. शेजाऱ्याची जीप काढून सोलापूरला निघालो, पण वाटेतच गेली. संध्याकाळी सगळं आटपून आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं. फोन वाजला. अप्पा होता, त्याला काही कळलेलं नव्हतं.

"तात्या, हैदराबादला सिमेंट हाय. अकराशे. बोला."

"मालकिणीला विचारून सांगतो," मी म्हणलं. तोंडाला सवयच ती. माझी मेहुणी माझ्याकडं बघत राहिली.

शेंगा कुटून होतील एवढ्या वेळानं परत फोन. "साडेअकराशे."

"न्हाय म्हणती."

तिसऱ्यांदा आला तेव्हा अप्पा वैतागला होता. "बाराशे घ्या, परतीला शहाबादी फरशी बी देतो. सांगा वैनीला, जितली म्हणावं. गाडी कधी लावता?"

"दहावा झाल्यावर."

"कुणाचा?"

"मालकिणीचा."

अप्पा हळू आवाजात म्हणाला, "तात्या, मग इतका येळ विचारत हुता कुणाला?"

मी फोन ठेवला आणि बाहेर आलो. शेळीनं डाव्या कोपऱ्यातून एक पेंढी अर्धी बाहेर काढली होती. ती आत ढकलली. दोर सैल पडला होता. सुभद्रानं मारलेली गाठ सोडली नाही, तिच्यावरूनच दुसरी बांधली.