कोपऱ्यातलं फावडं

गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास मी गावचा सरपंच होतो. तलावाचा पाट साफ करायला घरटी एक माणूस यावा म्हणून तीनदा दवंडी पिटवली. मोजून चौघं आले.

पुढच्या निवडणुकीत मला पाडून जी बाई सरपंच झाली, तिनं दवंडी दिलीच नाही. धानाच्या रोवण्याआधी एका सकाळी लुगडं खोचून ती एकटीच गाळात उतरली. दुपारपर्यंत अर्धं गाव तिच्या मागं होतं. मी तलावाच्या पाळीवर उभा राहून जळत होतो.

"नाटकं करून राहिली बाई," असं पुटपुटत घरी आलो आणि बायकोला चहा मागितला. ती घरात नव्हती. कोपऱ्यातलं फावडंही नव्हतं. मी सरपंच असताना पाच वर्षं ते तिथून हललं नव्हतं.