पाण्यातले बोल

मोठीमाय गेल्याचा निरोप धानोऱ्याच्या गाडीच्या कंडक्टरनं आणला. गडचिरोलीला आमच्या वसतिगृहाच्या फाटकाशी त्यानं गाडी थांबवली, खिडकीतून मला बोलावलं आणि म्हणाला, "तुमच्या मोठेबाबांनी सांगतलं, पोराले घेऊन ये. स्टँडवरून हेच गाडी परत जाते. चला." 'गेली' हा शब्द तो बोलला नाही, पण मला कळलं. गाडीत त्यानं मला दाराजवळची जागा दिली. जंगल सुरू झालं तसा उन्हात पळसाच्या पानांचा वास यायला लागला... एवढंच मला त्या प्रवासातलं आठवतं.

मोठीमाय म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण, आणि मोठेबाबा तिचे यजमान. आमच्या गावात शाळा नव्हती, म्हणून आईनं मला लहानपणीच तिच्याकडे, धानोऱ्याच्या पुढच्या एका गावात ठेवलं. मी तिथंच वाढलो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे हे लिहिण्याचं कामही माझ्याकडे आलं. ते मला नीट जमेल की नाही, ठाऊक नाही. मोठीमाय काही नाव असलेली बाई नव्हती. तिच्याबद्दल वर्तमानपत्राच्या पुरवणीत का लिहायचं, असं कोणी विचारलं तर मी एवढंच सांगेन की तिच्या तोंडी काही शब्द होते, आणि ते आमच्या साऱ्या मुलखात दुसऱ्या कोणाच्या तोंडी नव्हते. ते स्पॅनिश शब्द होते.

गावाबाहेर सागाच्या झाडांआड एक लहान दवाखाना होता. स्पेन देशातून आलेल्या एक सिस्टर तो चालवायच्या. गाव त्यांना सिस्टरबाई म्हणायचं. मोठीमाय तिथं झाडलोट करायला लागली आणि पुढे बाळंतपणात त्यांच्या हाताशी राहू लागली. बाळ जन्मलं की सिस्टरबाई त्याला स्वतः न्हाऊ घालायच्या, आणि त्या वेळी आपल्या भाषेत त्याच्याशी बोलायच्या. कारिन्यो... मि सिएलो... तेसोरो... ते किएरो मुचो. मोठीमायला वाटलं, हे बोल कामाचाच भाग आहेत. पाणी कोपरानं पाहायचं, मान तळहातावर धरायची, कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि हे बोल म्हणायचे. तिनं जसं बाकीचं काम उचललं तसे तेही उचलले. त्यांचा अर्थ विचारावा असं तिला कधी वाटलं नाही. सुईदोरा कसा धरायचा हे शिकताना त्याचा अर्थ कोण विचारतो...

मग गावातल्या बाळंतिणी तिला घरी बोलवायला लागल्या. आमच्या वस्तीतल्या, गोंडांच्या टोल्यावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या, सगळ्याच. पाय लांब करून ती बसायची, पोराला नडग्यांवर घ्यायची, आणि पहिला लोटा अंगावर पडला की तिचं सुरू व्हायचं. पोर रडायचं थांबायचंच असं नाही, पण बायकांचा तसा विश्वास बसला होता. दुसऱ्या कोणी न्हाऊ घातलं आणि पोर किरकिरलं तर म्हणायच्या, बोल नाई झाले त्याचे, म्हनून रडून राह्यलं. अशा रीतीनं स्पेन देशातल्या मायेचे शब्द आमच्या गावात आंघोळीचे शब्द झाले. पाण्याशिवाय ते कोणी उच्चारत नसे. मोठीमायसुद्धा नाही. एकदा मी शाळेतून येऊन सहज 'कारिन्यो, कारिन्यो' असं गुणगुणत होतो, तर तिनं मला दटावलं. "कोरड्यानं नाई म्हनत रे ते."

विहारातल्या काही तरुणांना याची शंका आली होती. त्यातला एक जण अंगणात येऊन म्हणाला, "मावशी, तुमी पोरायवर कोनता मंतर मारून राह्यल्या? आपन बुद्धाची मानसं. हे चर्चचं काऊन?"

मोठीमाय तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलंच नाही. "मंतर कायचा बापा? पान्यातले बोल हायेत ते. तुले बी त्यायनंच न्हाऊ घातलं मी. तवा तर चांगला गप झाला होता."

बाजूच्या बायका हसल्या, तोही हसला, आणि तो विषय संपला.

आमच्या घरात प्रेमाचं असं कोणी काही बोलत नसे. मी परीक्षा पास झालो की मोठीमाय विचारायची, जेवला का. नापास झालो असतो तरी तेच विचारलं असतं. मोठेबाबा बांबूच्या कूपावर, म्हणजे जंगलात बांबूतोडीच्या कामाला जायचे, राहिलेल्या दिवसांत बांधीत, आपल्या भातखाचरात, धान करायचे. बोलणं फार कमी. तिला ते 'इंदूची माय' म्हणायचे, इंदूताई ही त्यांची एकुलती मुलगी, आरमोरीला दिलेली. इंदूताईच्या जन्माआधी मोठीमायला काय म्हणत असतील, हे मी एकदा विचारलं होतं. मोठीमाय म्हणाली, "काई नाई. खाकरत होते."

कॉलेजात गेल्यावर मला त्या शब्दांचा अर्थ कळावा असं वाटायला लागलं. तोवर सिस्टरबाई आजारी होऊन आपल्या देशात परत गेल्या होत्या. दवाखान्यात केरळकडची एक नर्स उरली होती, सिस्टरबाईंच्या हाताखाली शिकलेली. तिनं मला मोडक्या हिंदीत समजावून सांगितलं. लाडक्या. माझं आभाळ. माझी ठेव. माझं तुझ्यावर फार प्रेम आहे. आई लेकराला म्हणते, आणि तिकडे नवरा-बायकोही एकमेकांना म्हणतात, असंही ती म्हणाली आणि गोळ्या मोजायला लागली.

मी ते सगळं संध्याकाळी अंगणात सांगितलं. मोठीमायच्या हातातली भाकर तशीच राहिली. "माय व," ती म्हणाली, "मी तं साऱ्या गावाले म्हनून बसली." मग पदर तोंडाला लावून ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मोठेबाबा पलीकडे टोपलीसाठी बांबूच्या काड्या सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही. पण कोयता थांबला होता.

दुसऱ्या दिवशी ते मला गाडीपर्यंत पोचवायला आले. असं ते कधी येत नसत. बरंच चालल्यावर म्हणाले, "नवरा-बायकोत बी म्हनतेत म्हनलास न?"

"हो."

"कोनतं?"

मी म्हटलं, सगळेच म्हणत असतील, मला नक्की माहीत नाही. ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "पाठ तं हायेत मले. एवढे वर्षं आयकले. पन हातात पानी पायजे न गा. अन् बाईले पानी कोन टाकून देते..."

मला तेव्हा नवल वाटलं. हसूही आलं असेल. पण नंतर मी घरी गेलो की पाहत असे, आणि मला कळत असे की ते त्या बोलांच्या भोवती फिरत आहेत. मोठीमाय जेवायला वाढत असताना ते एकदम घसा साफ करायचे. ती थांबायची, "काय?" म्हणायची. आणि ते म्हणायचे, "मीठ दे." आमच्याकडे नवऱ्यानं बायकोच्या अंगावर तर सोडाच, हातावरही पाणी घालावं अशी रीत नाही. कोणी पाहिलं तर गाव वर्षभर तेच बोलेल. आणि कोरड्यानं ते म्हणायचे नसतात, हे तर तिनंच ठरवून दिलेलं.

मागच्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर मोठीमायचं पोट दुखायला लागलं. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी पुढे नागपूरला न्यायला सांगितलं, तिनं ऐकलं नाही. इंदूताई माहेरी येऊन राहिली. मी शेवटचा भेटायला गेलो तेव्हा मोठीमायला उठवून बसवावं लागत होतं. मोठेबाबांनी कूप सोडला होता. सकाळी चुलीवर पाणी ते तापवायचे. कोपर बुडवून पाहायचे, अगदी तिच्यासारखं. घमेल्यात पाणी घेऊन न्हाणीच्या तट्टीपर्यंत, बांबूच्या आडोशापर्यंत, न्यायचे आणि बाहेर ठेवायचे. आतून इंदूताई हात काढून ते आत घ्यायची. मग लोट्यानं पाणी घातल्याचा आवाज येत असे, आणि मोठेबाबा तट्टीकडे पाठ करून तिथंच उभे राहत असत. त्यांचे ओठ हलत होते. मी ते पाहिलं. आतून मोठीमायनं विचारलं, "कोन हाये बाहेर?"

"कोनी नाई," मोठेबाबा म्हणाले. "मीच हावो."

निघताना तिनं माझा हात धरला आणि विचारलं, जेवला का. मी हो म्हटलं.

त्या दिवशी कंडक्टरबरोबर मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. मोठेबाबा तिरडीसाठी बांबू फोडत होते. लोक नको म्हणत होते, पण बांबूला दुसऱ्या कोणाचा हात ते लागू देत नव्हते. बायका मोठीमायला न्हाऊ घालायला न्हाणीकडे घेऊन गेल्या. मी पाणी आणून देत होतो. तेवढ्यात मोठेबाबा कोयता ठेवून उठले आणि तट्टीपाशी आले.

"इंदे," ते म्हणाले, "एक लोटा मले टाकू दे."

आत सगळं थांबलं. शेजारच्या सुभद्राबाई, मोठीमायच्या बरोबरीच्या, तट्टीतून डोकावून म्हणाल्या, "असं कुठी होते का, भाऊ? बायामानसाचं न्हानं हाये."

"मालूम हाये मले."

"मंग?"

मोठेबाबा लोट्यासाठी हात पुढे करून उभे राहिले. त्यांच्या हाताला बांबूचं कुसळ लागून रक्त आलं होतं. इंदूताईनं आईच्या अंगावर लुगडं नीट केलं, हे मला तिच्या बोलण्यावरून कळलं, आणि मग ती म्हणाली, "येऊ द्या बाबाले."

मी तोंड फिरवलं. पुढचं मी पाहिलेलं नाही, फक्त ऐकलं. पाणी पडल्याचा आवाज आला. मग मोठेबाबा म्हणाले, "कारिन्यो..." आणि थांबले. पुन्हा पाणी पडलं. पुन्हा, "कारिन्यो..." पुढे त्यांना येईना. इतक्या वर्षांचं पाठ होतं, ते येईना. अंगणातली माणसं खाली पाहत होती. तेव्हा सुभद्राबाई हळूच म्हणाल्या, "मि सिएलो म्हना न, भाऊ." त्यांच्या सगळ्या नातवंडांचे बोल मोठीमायनं केले होते.

"मि सिएलो."

"तेसोरो," दुसरी एक बाई म्हणाली. ती रडत होती.

"तेसोरो."

शेवटचं त्यांना कोणी सांगितलं नाही. ते त्यांनी एकट्यानं म्हटलं, आणि कुठंही न अडखळता म्हटलं. मग ते बाहेर आले, ओल्या बाह्यांनीच परत बसले आणि उरलेला बांबू फोडायला लागले.

तिनं ते ऐकलं नाही. याला आता काही करता येत नाही, आणि मी स्वतःची समजूतही घालत नाही. पण कधी कधी वाटतं, तट्टीबाहेर ओठ हलवत उभ्या राहिलेल्या माणसाला तिनं 'कोन हाये' असं विचारलं, तेव्हा तिला कळलं असेल का... ती विचारायची ते बहुतेक तिला माहीत असायचं.

मागच्या रविवारी मी गावाला गेलो होतो. इंदूताई त्यांना आरमोरीला न्यायला आली होती, पण धान कापणीला आल्याचं सांगून त्यांनी तिला परत पाठवलं. घरात ते एकटेच होते. त्यांनी भात शिजवला होता आणि आंबाडीची भाजी केली होती. भाजीत मीठ नव्हतं. त्यांनी ते मागितलंही नाही. जेवण झाल्यावर मी हात धुवायला अंगणाच्या कडेला गेलो तर ते मागून लोटा घेऊन आले. मी म्हटलं, "राहू द्या मोठेबाबा, मी घेतो." मोठ्यांनी लहानाच्या हातावर पाणी घालायचं नसतं. त्यांनी ऐकलं नाही. त्यांनी बारीक धार धरली. ते काही म्हणत होते, पण ते मला ऐकू यावं एवढ्या मोठ्यानं नाही. माझे हात केव्हाच धुऊन झाले होते. लोटा रिकामा होईपर्यंत मी ते तसेच पुढे धरून ठेवले.