गोविंदरावांना दिलेलं पाणी

"तुमच्या दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्या आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. माझं क्रिएटिनिन फार वर गेलं होतं. क्रिएटिनिन म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा. तो रक्तात साचत गेला होता. "आता डायलिसिस. मशीन तुमचं रक्त धुऊन देईल. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास."

मी वर्ध्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो. पाय सुजायचे, तोंडाला चव नव्हती. दगदगीचा त्रास म्हणून सहा महिने अंगावर काढले. तुम्ही काढू नका.

सुईची भीती दोन आठवड्यांत गेली. खरी शिक्षा निघाली पाण्याची. लघवी होत नाही, म्हणून प्यालेला घोट अंगातच राहतो. "दिवसाला पाऊण लिटर. चहा, वरण, गोळीबरोबरचं पाणी, सगळं त्यातच," डॉक्टरबाईंनी बजावलं. मे महिना होता. शेजारी नळाखाली बादली भरू लागली की त्या आवाजाने माझा घसा दुखायचा.

माझ्या बाजूच्या खाटेवर गोविंदराव असत. पुलगावजवळच्या नाचणगावचे, वांगी-कोबी पिकवणारे. मशीन सुरू झालं की मी बायबल काढून वाचायचो. एकदा ते म्हणाले, "मास्तर, मनातल्या मनात काऊन वाचता? मलेबी आयकू द्या." मग मी मोठ्याने वाचू लागलो. येशू चाळीस दिवस रानात उपाशी होता, सैतानाने त्याला मोह घातला, तो अध्याय त्यांना फार आवडायचा. "हे तं आपल्यासारखंच आहे," म्हणायचे.

एका शुक्रवारी डायलिसिस संपवून आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. त्यांची बायको ऑटो पाहायला गेली होती. माझ्या पिशवीत छोटी बाटली होती, त्या दिवसाचा माझा उरलेला वाटा.

"मास्तर, घोटभर द्या नं."

"डॉक्टरबाई काय म्हणाल्या, गोविंदराव?"

"तहानलेल्याले पाणी पाजा म्हणून तुमच्याच पुस्तकात आहे नं? तुम्हीच तं वाचून दाखवलं."

मी बाटली दिली. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला फार पुण्यवान वाटलं. त्यांनी डोळे मिटून अख्खी बाटली संपवली.

सोमवारी त्यांची खाट रिकामी होती. "पल्मोनरी इडिमा," सिस्टर म्हणाल्या. म्हणजे फुफ्फुसांत पाणी भरणं. रविवारी घरीच वारले होते.

मी डॉक्टरबाईंना बाटलीचं सांगितलं. "एका छोट्या बाटलीने एवढं होत नाही, सर," त्या म्हणाल्या. " पण द्यायला नको होती."

त्यानंतर डोळे मिटले की मला त्यांचा गळा दिसायचा, घोटागणिक वर-खाली होणारा. आणि माझी तहान त्यांच्याच आवाजात बोलू लागली. "मास्तर, तुमचा देव खडकातून पाणी काढते. तो तुमाले काऊन तहानलेलं ठेवन?" वर्गात, चर्चमध्ये, जेवताना, कुठेही.

एका दुपारी मी फ्रिजमधल्या पाण्याने मोठा ग्लास भरला. ओठाला लावला, आणि गोविंदरावांच्या आवडीचा तो अध्याय आठवला. त्यात सैतानही शास्त्रातलंच वचन म्हणून दाखवतो. कितीदा वाचलं होतं, पण ते तेव्हा कळलं. वचन आठवलं म्हणजे ते देवानेच आठवून दिलं, असं नसतं.

कळलं तरी ग्लास खाली ठेववेना. हे लिहायलाच हवं. मी फक्त हाक मारली, "एस्तेर!"

माझी बायको आली. तिने हातातून ग्लास काढून घेतला. मग मी तिला गोविंदरावांचं सगळं सांगितलं.

"मोहातून सुटायची वाट देव ठेवते म्हणता," ती म्हणाली. "मग हाक मारायले एवढे दिवस काऊन लावले?"

तेव्हापासून दिवसाचं पाणी ती मोजून भरते. लोणचं, पापड बंद. मिठाने तहान वाढते. फारच झालं तर बर्फाचा एक खडा चघळतो. आवाज अजून येतो. मी त्याच्याशी वाद घालत नाही, एस्तेरला सांगतो.

दिवाळीच्या सुमारास गोविंदरावांची बायको कुठल्याशा कागदासाठी दवाखान्यात आली. मी तिला बाटलीची गोष्ट सांगितली. शिव्या देईल असं वाटलं होतं.

ती माझ्या खाटेशी स्टुलावर बसली. "मास्तर, मी तं रोज देत होती. त्या रविवारीबी तांब्या मीच भरून देला. असे मागत, का नाई म्हणवे नाई. मी हे कोणालेच सांगतलं नाई."

मशीन चालू होतं. बायबल उशाशी होतं, पण मी त्यातलं काही वाचून दाखवलं नाही. ती रडली, मीही रडलो.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांना एवढंच सांगतो. पाण्याला नाही म्हणताना तुम्ही निर्दय होत नाही. आणि कधी दिलं असेल, तर ते एकट्याने मनात ठेवू नका. देव क्षमा करतो असं मी मानतो. पण ते मला पटलं, ते त्या बाईचं ऐकून.

ती आता अधूनमधून फोन करते. "मास्तर, आज किती प्याले?"

मी खरं ते सांगतो.